वहीच्या पाठीवरचा रुपया

जून महिना आला की आमच्यासारख्या पगारदाराच्या घरात हिशेबाची वही आधी उघडते आणि शाळेच्या वह्या नंतर येतात. यंदा आमची धाकटी मुलगी आठवीत गेली. डझनभर वह्या घेऊन घरी आलो, तर ती एका वहीची पाठ आमच्यासमोर धरून म्हणाली, "पप्पा, हे वाचा. आपण पण दान केलं!"

क्लासमेटच्या वह्यांच्या मागे छापलेला तो मजकूर अनेक वाचकांनी पाहिला असेल. चार वह्यांच्या खरेदीमागे आयटीसी कंपनी एक रुपया ग्रामीण विकासाच्या कामाला देते, अशा अर्थाचा तो मजकूर. पोरीचा आनंद पाहून बरे वाटले. पण आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. बारा वह्यांचे तीन रुपये. आम्ही दुकानदाराला दिले होते सातशे वीस. म्हणजे शंभराला अर्धा रुपयासुद्धा नाही.

यात कंपनीने काही लपवलेले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. किती वह्यांमागे किती पैसे, हे ती स्पष्ट छापते. आणि वह्या तर आम्हांला घ्यायच्याच होत्या. प्रश्न एवढाच की, याला आमच्या मुलीने 'दान' म्हणावे काय?

हा प्रकार तसा जुना आहे. १९८३ साली अमेरिकेत अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीने जाहीर केले की, ग्राहकाने कार्ड वापरले की दर वेळी एक सेंट आणि नवे कार्ड घेतले की एक डॉलर, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला देऊ. सुमारे १७ लाख डॉलर जमले व ते पुतळ्याच्या कामी लागले. त्याच काळात कार्डाचा वापर पाव हिश्श्याहून अधिक वाढला. तेव्हापासून व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले की, सत्कार्य हीसुद्धा एक जाहिरात आहे आणि ती इतर जाहिरातींपेक्षा स्वस्तही पडते.

पुढे २००६ साली गायक बोनो आणि बॉबी श्रायव्हर यांनी 'रेड' नावाची योजना काढली. मोठमोठ्या कंपन्यांनी लाल रंगाचे टी-शर्ट, फोन, बूट विकायचे आणि त्यातला वाटा एड्सशी लढणाऱ्या 'ग्लोबल फंड'ला द्यायचा. दुसऱ्याच वर्षी 'ॲडव्हर्टायझिंग एज' या अमेरिकन नियतकालिकाने लिहिले की, जमले सुमारे १.८ कोटी डॉलर आणि जाहिरातींवर गेले १० कोटींपर्यंत. योजनेच्या लोकांनी हा हिशेब मान्य केला नाही. कंपन्यांनी जाहिरातीवर तो पैसा एरवीही खर्च केलाच असता, असे त्यांचे म्हणणे. तेही अगदीच खोटे म्हणता येत नाही. आजपर्यंत या योजनेतून ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम फंडाकडे गेली आहे. त्या पैशाची औषधे ज्यांच्या पोटात गेली, त्यांना ती टी-शर्टमधून आली की देणगीतून, याच्याशी काय कर्तव्य?

त्याच वर्षी 'टॉम्स' कंपनी निघाली. एक जोड विकत घ्या, एक जोड गरीब मुलाला फुकट. ऐकायला फार गोड. पण ज्या गावात फुकट बूट येऊन पडतात, त्या गावातल्या बूट शिवणाऱ्याने काय करायचे? आमच्या चर्मकार बांधवांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. २०१९ साली कंपनीने स्वतःच ती पद्धत बदलायचे ठरवले आणि नफ्याचा तिसरा हिस्सा संस्थांना द्यायला घेतला.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावीच लागते. आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, असे २०२१ च्या नियमांत म्हटले आहे. तेव्हा वेष्टनावरचा रुपया हा त्या दोन टक्क्यांतला की त्यावरचा, हे नुसते वेष्टन वाचून आपल्याला कळत नाही.

इथवर दुसऱ्यांचे हिशेब झाले. आता आमचा स्वतःचा.

आमच्या नगरात विहाराजवळ एक खोली भाड्याने घेऊन आम्ही अभ्यासिका चालवतो. भाडे महिना १,५००. जयंतीच्या वर्गणीतून वर्षाचे १८,००० रुपये बाजूला काढायचे, असा रिवाज. गेल्या वर्षी १४ एप्रिलच्या आधी तरुण मुलांनी एक जाहिरात आणली. निळे टी-शर्ट, ३०० रुपयाला एक, आणि प्रत्येक टी-शर्टमागे ५० रुपये गरीब विद्यार्थ्यांच्या फीसाठी. तसे टी-शर्टावर छापलेलेही होते. मुलांचे म्हणणे असे की, शिक्षणाचाच पैसा शिक्षणालाच जातोय, शिवाय मिरवणुकीत शोभा. साठ टी-शर्टांचे १८,००० झाले. खजिनदार आम्ही. सही आमची.

मिरवणूक देखणी निघाली. मे महिन्यात खोली सोडावी लागली.

पावसाळ्यात बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुली विहाराच्या ओसरीवर बसू लागल्या. झड आली की वह्या पोटाशी धरून भिंतीला चिकटायच्या. एके दिवशी त्यांच्यातली एक आम्हांला म्हणाली, "काका, दादाच्या टी-शर्टवर गरीब विद्यार्थी लिहिलंय, ते कोण? आम्हीच ना?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही विक्रेत्याला पत्र टाकले की, आमच्या खरेदीचे ३,००० रुपये कोणत्या संस्थेला दिले, त्याची पावती पाठवा. उत्तर नाही. दुसरे पत्र टाकले, फोन केला. "प्रोसेस चालू आहे", एवढेच ऐकू आले. आणि समजा ते ३,००० पोचले असते, तरी आमच्या मुलींचे बारा महिने गेले आणि त्या बदल्यात कुठेतरी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मदत झाली, असाच त्याचा अर्थ. हे गणित सही करण्यापूर्वी करायला दोन मिनिटे पुरली असती.

घरी आम्ही हे बोलून दाखवले, तेव्हा आमच्या सौ.ने वेगळाच मुद्दा काढला. "टी-शर्ट मिळणार म्हणून पोरं दारोदार फिरली. नुसतं खोलीचं भाडं म्हटलं असतं तर फिरली असती का? तुम्ही तरी फिरला असता का?" यावर आम्ही गप्प बसलो. हातात काही तरी पडल्याशिवाय माणसाचा हात खिशाकडे जात नाही, हे आम्ही वीस वर्षांच्या चळवळीत पाहिलेच आहे.

मग विकत घेऊन मदत होतच नाही काय? होते. आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांनी बनवलेली वस्तू आपण घेतो, किंवा वस्तीतल्या महिला बचत गटाचे पापड घेतो, तेव्हा पैसा करणाऱ्याच्या कष्टाला मिळतो. तिथे दान नाहीच, मजुरी आहे, आणि ती दानापेक्षा मानाची. किंमत कोणाच्या हातात पडते, हे आम्ही आता आधी विचारतो.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आवाहन गेली काही वर्षे होत आहे. तिथे वहीची सबंध वही पोचते, रुपयातला पाव भाग नव्हे. तरी एक अनुभव सांगतो. आमच्या विहारात अशा वह्यांचा ढीग जमला. वाटायला बसलो तर बहुतेक लहान एकरेघी. मोठ्या मुलांना हव्या होत्या फुलस्केप, आणि एका मुलीला वही नकोच होती, तिला एस.टी.चा पास काढायचा होता. पासाचे पैसे शेवटी विहारातल्या आजींनी कनवटीचे काढून दिले. पावती नाही, फोटो नाही.

आम्ही मात्र पावतीचे माणूस. सार्वजनिक न्यासाला हिशेब ठेवावे व तपासून घ्यावे लागतात, तेव्हा देणगीदाराने हिशेब मागितला तर संस्थेने रागवायचे कारण नाही. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्या नोकरदार बांधवांना मान्यताप्राप्त संस्थेच्या देणगीवर आयकरात सवलतही मिळू शकते, मात्र दोन हजारांवरची रोख देणगी त्यात चालत नाही. टी-शर्टाच्या बिलावर ही सवलत मिळत नाही.

यंदाच्या जयंतीला मुलांनी तेच टी-शर्ट धुऊन घातले. वर्गणी घरटी शंभर, क्रमांक घातलेले पावतीबुक, आणि फिरायला या वेळी पुढे त्या ओसरीवरच्या मुलीच होत्या. त्यांना नाही म्हणणे कोणाला जमले नाही. जूनपासून खोली पुन्हा सुरू झाली आहे. जमाखर्चाचा कागद दाराच्या आत डकवला आहे, आणि त्यात गेल्या वर्षीचे १८,००० आम्ही आमच्या नावासह लिहिले आहेत.

धाकटीने वहीचा हिशेब ऐकून घेतला आणि आपल्या डब्यातले वीस रुपये खोलीच्या पेटीत टाकले. पावती मागायला विसरली नाही. आम्ही परवा त्या विक्रेत्याला तिसरे पत्र टाकले, या वेळी रजिस्टर पोस्टाने.