सोडण्याआधीचं वैमानिकपण

पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणारं छोटं विमान हातातून सुटलं की त्याच्यावर आपला काही ताबा उरत नाही. त्याला रेडिओ नाही, दोरी नाही. वळायचं कुठे, चढायचं कसं, झुळकेनं कलंडलं तर सावरायचं कसं, हे सगळं आधीच, टेबलावर बाल्साच्या पट्ट्या जोडताना त्याच्या अंगी आणावं लागतं. या छंदाची खरी गोडी मला तिथेच वाटते.

मी बांधतो तो प्रकार पी-30 या नावाने ओळखला जातो. पंखाचा विस्तार आणि विमानाची लांबी, दोन्ही 30 इंचांच्या आत. प्रॉपेलर बाजारात मिळणारा, प्लॅस्टिकचा, साडेनऊ इंची. रबर जास्तीत जास्त 10 ग्रॅम आणि रबर वगळून विमानाचं वजन किमान 40 ग्रॅम. वजन चाळीसच्या वर जितकं सरकेल तितकं त्याच 10 ग्रॅम रबराला जास्त ओझं उचलावं लागतं, म्हणून प्रत्येकाची धडपड काटा चाळीसच्या जवळ थांबवण्याची असते.

त्यामुळे खरं काम लाकूड निवडण्यापासून सुरू होतं. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. झाड फार झपाट्याने वाढतं आणि त्याचं लाकूड कधीच एकसारखं निघत नाही. 1/16 इंच जाडीची, 3 इंच रुंद आणि 36 इंच लांब फळी काट्यावर ठेवली तर एक 11 ग्रॅम भरते. शेजारची दिसायला तशीच, पण 22 ग्रॅम. दुकानात मी खिशातला छोटा वजनकाटा घेऊनच जातो. फळी उजेडासमोर धरायची, रुंदीच्या बाजूने हलकेच वाकवून पाहायची. सहज वाकली तर ती गोलाई देण्याच्या कामाची. ताठ राहिली आणि अंगावर चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसली, तर तिच्यातून पंखाच्या फासळ्या कापायच्या. अशी फळी आडवी वाकत नाही, वाकवायला गेलं तर तडकते. फासळीला हाच ताठपणा हवा असतो.

धडाच्या चार लांब पट्ट्यांसाठी माझा एक नियम आहे: चारही एकाच फळीतून, एकमेकींना लागून कापायच्या. डाव्या बाजूला ताठ आणि उजव्या बाजूला लवचिक पट्टी लागली, तर आराखड्यावर टाचण्यांनी दाबून ठेवलेलं धड सरळ दिसतं आणि टाचण्या काढल्या की एका अंगाला वळतं. मग कितीही पॉलिश करा, ते विमान सरळ उडत नाही. आराखड्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरायचं, म्हणजे गोंद कागदाला चिकटत नाही. टाचणी पट्टीतून आरपार घालायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या दोन टाचण्या रोवायच्या. गोंद प्रत्येक सांध्याला एक थेंब. जास्तीचा गोंद म्हणजे नुसतं वजन.

सांगाड्यावर टिश्यू कागद चिकटवून पाण्याचा बारीक फवारा मारला की कागद आधी सैल पडतो, सुरकुततो आणि वाळता वाळता डफाच्या कातड्यासारखा ताणला जातो. हीच सगळ्यात नाजूक वेळ. एवढासा कागद पंखाला पीळ देऊ शकतो, म्हणून पंख पूर्ण वाळेपर्यंत सपाट फळीवर, खाली छोटे ठोकळे देऊन टाचून ठेवायचा. नंतर पातळ केलेल्या डोपचा, म्हणजे कागदावर लावायच्या रोगणाचा, हात. पंखाच्या मागच्या कडेकडून डोळा लावून पाहिलं की दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाहीत ते लगेच कळतं. मुद्दाम ठेवलेला पीळ वेगळा आणि आपोआप आलेला वेगळा.

हे स्वतःला सावरणारं विमान पहिल्यांदा नीट जमवलं ते आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने. 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या ट्यूलरी बागेत त्याचं रबरावरचं छोटं विमान 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर उडालं. तेव्हा तो 21 वर्षांचा होता. त्याने पंखांची टोकं वर उचलली होती आणि शेपटीचा कोन पंखाच्या कोनापेक्षा कमी ठेवला होता. नाक खाली जाऊन वेग वाढला की या कोनांतल्या फरकामुळे नाक पुन्हा वर येतं. माझ्या विमानातही तीच युक्ती आहे. 1878 मध्ये राइट बंधूंना वडिलांनी जे उडणारं खेळणं आणून दिलं, तेही पेनोच्याच धर्तीवरचं, रबरावर फिरणारं. विमानाच्या इतिहासात पेनोचं नाव याहून कितीतरी ठळक असायला हवं होतं.

रबराचा स्वभाव मात्र कोन जुळवून पुरता आवरत नाही. पीळ सुटू लागतो तेव्हा पहिल्या काही सेकंदांत जोर प्रचंड असतो, मग तो बराच वेळ बेताचा राहतो आणि शेवटी विझतो. त्या पहिल्या झटक्यात विमान नाक वर करून मागे उलटू पाहतं, प्रॉपेलरच्या उलट्या ओढीने डावीकडे लोळू पाहतं. म्हणून नाकाच्या ठोकळ्यामागे बारीक चकत्या सारून प्रॉपेलरचा रोख किंचित खाली आणि किंचित उजवीकडे वळवतात. जोर ओसरला की या कलाचा परिणामही ओसरतो. नखाएवढ्या चकतीने सगळं उड्डाण बदलताना पाहण्यासारखं सुख नाही.

पीळ भरायला दोघं लागतात. एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने सिलिकॉन तेल चोळलेलं रबर चार-पाच पट लांब ताणून पिळायचं यंत्र फिरवायचं. निम्मे पीळ ताणलेल्या अवस्थेतच भरायचे, उरलेले एकेक पाऊल पुढे येत. धडात आधी एक नळी सरकवलेली असते. रबर तुटलंच तर फटका नळीवर बसतो, सांगाड्याच्या चिंध्या होत नाहीत.

आमच्याकडे हे सगळं हिवाळ्यातल्या सकाळी, कापणी झालेल्या रानात. ऊन चढू लागलं आणि घारी पंख न हलवता गिरक्या घेऊ लागल्या की तिथे गरम हवा वर चढते आहे हे ओळखायचं. विमान त्या हवेत सापडलं तर रबर संपल्यावरही उतरत नाही. पी-30 च्या स्पर्धेत एका उड्डाणाची जास्तीत जास्त दोन मिनिटं धरतात, आणि त्यानंतरही विमान वरच राहिलं तर दिसेनासं होण्याचीच भीती. त्यासाठी शेपटीची मागची कड ठरावीक वेळाने झटकन वर उचलली जाईल अशी सोय असते. ती उचलली गेली की उडण्याचा तोल मोडतो आणि विमान जवळजवळ आडवंच, सावकाश खाली येतं. पूर्वी यासाठी जळती वात लावत. वाळलेल्या गवतात ती नकोच, घट्ट तेलात हळूहळू फिरणारा छोटा टायमर बरा. तरीही पंखाखाली मी माझा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहितो. उभ्या उसात उतरलेलं विमान आपल्याला काठावरून दिसत नाही. ते सापडतं ऊसतोडीच्या वेळी, आणि बहुधा शेतमालकालाच.