उंबराची एक ओळ

बँकेत एकतीस वर्षं खतावणी सांभाळली. त्यामुळे शेजारणीने ‘आपल्या बागेतले सगळे जीव नोंदवायचेत, येता का?’ असं विचारलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, ‘सगळे म्हणजे कुठवर?’ ती म्हणाली, ‘मुंगीपर्यंत.’ मग जरा थांबून, ‘मुंगीच्याही पुढे.’

आमची कोथरूडची बाग म्हणजे घसरगुंडी, हास्यक्लब आणि कडेला एक जुना उंबर. उंबराच्या बुंध्यावर आकडा रंगवलेला आहे. शहरातल्या झाडांसाठी राज्याने १९७५ साली कायदा केला, त्यात दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायला सांगितलं आहे. त्या गणनेत हा उंबर म्हणजे एक ओळ. आम्ही त्या एका ओळीपाशी अख्खा पावसाळा काढला.

उंबर फोडून केंबरं काढू नयेत, असं आई म्हणायची. आम्ही नेमकं तेच केलं. पिकलेलं फळ चिरलं की आतून चिलटासारखे कीटक उडतात. ते चिलट नव्हे, गांधीलमाशीचं अगदी चिमुकलं भावंड. मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून आत शिरते, आतल्या फुलांवर पराग सांडते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर माद्यांना बाहेर पडायला वाट कोरून देतात. स्वतः बहुतेक उजेड न बघताच संपतात. शिवाय परागाचं काम न करता नुसती अंडी घालून जाणाऱ्या वेगळ्या जातीही त्याच फळात सापडतात. फुकटे पोटभाडेकरू! म्हणजे एका फळातच वहीचं अर्धं पान भरलं.

बुंध्यावरचं दगडफूल, पावसात उगवलेली अळंबी, रात्री दिव्यामागे ताणलेल्या पांढऱ्या चादरीवर आलेले पतंग, सगळं वहीत चढत गेलं. फांदीखाली छत्री उलटी धरून फांदीवर काठीने हलकेच ठोकायचं. छत्रीत जे पडेल ते आपलं. फोटो ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर टाकले की कुठला तरी अनोळखी जाणकार नाव सुचवतो, दुसरा त्याला दुजोरा देतो किंवा खोडून काढतो. दोन सह्यांशिवाय व्हाउचर पास होत नसे, त्याची आठवण झाली.

चुका झाल्याच. लाल ठिपक्यांचं एक काळं फुलपाखरू मी ‘कॉमन रोझ’ म्हणून लिहिलं. ती निघाली ‘कॉमन मॉरमॉन’ची मादी. रोझ विषारी असल्याने पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून मॉरमॉनच्या काही माद्या त्याचा वेष घेतात. रोझचं अंग लाल असतं, हिचं काळं. मी पंखच बघत बसले. नर आधीच वहीत होता. एकाच खातेदाराची दोन खाती! उभ्या नोकरीत अशी चूक केली नव्हती.

जे ओळखू येत नाही त्यासाठी मी वहीच्या शेवटी सस्पेन्स खातं उघडलं. नोंदी करायला कॉलेजातून येणाऱ्या मुलांना ते आवडलं नाही. अंदाजाने का होईना, नाव टाकावं असं त्यांचं मत. मी हटले नाही. चुकीच्या नावापेक्षा रिकामी जागा बरी; ओळखू न येणारा जीव कधी अगदी नवाही निघतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, एवढ्या तुडवलेल्या बागेत, पाचोळ्यात सेंटिमीटरभर लांबीची, पायांच्या ४१ जोड्यांची गोम मिळाली. ती विज्ञानाला नवीच होती. २००३ साली तिचं शास्त्रीय नामकरण झालं. अमेरिकेतल्याच ग्रेट स्मोकी पर्वतांच्या राष्ट्रीय उद्यानात १९९८पासून प्रत्येक सजीव नोंदवायचं काम चालू आहे. यादी वीस हजारांपलीकडे गेली, त्यातल्या हजाराच्या आसपास जाती जगाला आधी ठाऊकच नव्हत्या. त्यांचंही सस्पेन्स खातं चांगलंच जाड असणार.

आमच्या सस्पेन्समधल्या बहुतेक नोंदी पाचोळ्यातल्या. ओला पाचोळा पिठाच्या चाळणीत घालून खाली पांढरं कापड धरायचं आणि हलवायचं. कापडावर जे चालायला लागतं ते बघून पहिल्या दिवशी मी चष्मा दोनदा पुसला. पण बाग रोज झाडली जाते. झाडणाऱ्या मावशींना वही दाखवली, तेव्हा त्यांनी उंबराखालचा कोपरा न झाडायचं कबूल केलं. हास्यक्लबातल्या एका काकांनी कचऱ्याची तक्रार केली. मावशींनीच त्यांना हाताला धरून तिथे नेलं आणि चाळण हलवून दाखवली.

चाळण आता बागेतच असते. सुनेने घरात नवी आणली.