विड्यांतील कात आणि कातकरी

श्रोतेहो, जेवणानंतरच्या विड्याला रंग आणतो तो कात. तो कोठून येतो असें विचारलें तर आपण वाण्याच्या दुकानाकडे बोट दाखवूं. परंतु आपल्या इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांत, आणि घाट उतरून ठाणें, पालघर, रायगडच्या रानांत जी एक जमात राहते, तिचें नांवच या पदार्थावरून पडलें आहे: कातकरी किंवा काथोडी.

खैराचें झाड तोडावयाचें, साल व पांढरें लांकूड काढून आंतील तांबडा गाभा तेवढा ठेवावयाचा, त्याचे कपचे मडक्यांत उकळावयाचे, आणि काढा आटून दाट झाला म्हणजे निववून त्याच्या वड्या पाडावयाच्या, अशी ही कृति. या हंगामांत भट्टी एका रानांत, पुढच्या हंगामांत दुसरीकडे. म्हणून यांची कुडीहि कारवीची; सहज उभारावी, सहज सोडावी. कोणता कंद केव्हां खणावा, मासा कोणत्या डोहांत सांपडतो, उंदराच्या बिळांत भाताच्या लोंब्या किती निघतील, हें त्यांना मुखोद्गत. आपण नाक मुरडतों. पण ही विद्याच आहे, फक्त तिची परीक्षा कोणी घेत नाहीं.

१८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांतील तोड दंडनीय ठरली आणि कातकऱ्याचा धंदा बसला. तो कोळसा पाडूं लागला. पुढें वीटभट्टीवर गेला. पावसाळ्यांत घरांत धान्य नसतें, तेव्हां मुकादम उचल देतो. दिवाळी सरतांच सारें कुटुंब भट्टीवर जातें, तें उचल फेडून पावसाच्या तोंडावर परततें. मुलाचें नांव शाळेच्या पटावर असतें, मूल मात्र विटा वाहतें. आयुष्यभर हजेरीपट मांडलेल्या मला त्या ओळीनें गैरहजेरीच्या खुणा वाचतां येतात.

२०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत यांची संख्या सुमारे २ लक्ष ८५ हजार होती. अॅमेझॉनच्या रानांत बाहेरच्यांशीं संबंध न ठेवणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांना रान राखून वांचवितां येतें. कातकरी आपल्या शेजारींच आहे, आणि त्याच्या कित्येक वाड्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती दुसऱ्याच्या नांवें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वींचा ताबा मान्य होतो. फिरस्त्याजवळ पुरावा कोठला? नियमांत वृद्धांची लेखी जबानीहि चालते. पण ती लिहून घेणारा कोणी वाडीवर जावयास पाहिजे, आणि तोहि पावसाळ्यांत; कारण दिवाळीनंतर वाडी ओस असते.