कोथिंबिरीवांचून स्वयंपाक

थंडीच्या दिवसांत कोथिंबिरीचा भाव कधीं कधीं इतका उतरतो कीं, जुड्या बांधण्याची मजुरीहि सुटत नाहीं, आणि पुष्कळ शेतकरी उभे वाफे गुरांना मोकळे करून देतात. तोच शेतकरी वैशाखांत आणि आषाढ-श्रावणांत घरच्या आमटीकरितां रोख पैसे मोजून जुडी विकत घेतो. हा उलटा जमाखर्च आम्हांस फार दिवस खुपत आला आहे. कडक उन्हांत कोथिंबीर पुरतें पान धरण्याआधींच फुलोऱ्यावर येते, व सततच्या पावसांत ती कुजते; तेव्हां हा दोष केवळ शेतकऱ्याच्या आळसाचा नव्हे. अशा दिवसांत तिच्यावांचून कसें भागवावें, इतकेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धणे हीं कोथिंबिरीचींच फळें असलीं, तरी पानांचा वास त्यांत नाहीं. म्हणून पानांऐवजीं धण्यांची पूड वर भुरभुरविणें व्यर्थ होय. पानें वाळवून ठेवावीं म्हटलें, तर वाळतांना त्यांचा वास बहुतेक उडून जातो.

यास्तव पर्याय निवडावा तो पदार्थ पाहून. आमटी व कढी यांस फोडणींतील कढीलिंब पुरे; पोह्यांवर ओलें खोबरें व लिंबू असलें म्हणजे उणीव भासत नाहीं. कोशिंबीर, मठ्ठा व चटणी यांत पुदिना चालतो; परंतु तो उग्र असल्यामुळें कोथिंबिरीच्या निम्माच घ्यावा. भज्यांच्या पिठांत पानओव्याचीं दोन-तीन पानें बारीक चिरून घालावीं. अधिक घातल्यास दुसरी चवच लागत नाहीं. कोथिंबिरीच्या वडीस मात्र पर्याय नाहीं. ती थंडींतच करावी.

वासानें अगदीं जवळची अशी एक वनस्पति आहे. तिचें शास्त्रीय नांव एरिंजियम फेटिडम. आपण तिला लांब पानांची कोथिंबीर म्हणूं. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागांतील. परंतु आसाम, मणिपूर, अंदमान व केरळ येथें परसांत रुळली आहे. पान वीतभर लांब, कडा करवतीसारखी. वास कोथिंबिरीचाच, पण अधिक तीव्र, आणि शिजवल्यावरहि टिकणारा. म्हणून थोडें पान पुरतें.

हिला सावली व ओल मानवते, हा आपल्या सोयीचा गुण होय. मोरीच्या पाण्यावरील केळींच्या सावलींत हात-दोन हातांचा वाफा करावा. बीं फार बारीक असतें. तें वरचेवर पेरून मातीनें जाड झांकूं नये. उगवण्यास 15 ते 30 दिवस लागतात, म्हणून धीर सोडूं नये. बाहेरचीं पानें खुडीत गेल्यास झाड पुष्कळ दिवस चालतें. फुलांचे कांटेरी दांडे दिसतांच खुडावे, नाहींतर पानें राठ होतात.

ज्याच्या मळ्यांत थंडींत कोथिंबिरीचे वाफे डोलतात, त्याच्या घरच्या बाईस वैशाखांत एका जुडीसाठीं बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.