भिजत पडलेले घोंगडे

एखादे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, की आपण त्याला ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. पण घोंगडे पावसात नेले तर काय होते, हे शहरातल्या किती घरांत ठाऊक असेल? लोकर फुगते, वीण घट्ट बसते आणि बरीचशी सर वरच्या वर निथळून जाते. मात्र एकदा का ते आतवर भिजले, की वाळायला दिवस घेते. म्हणींत उगीच काही येत नाही!

वाईहून खंबाटकीचा घाट ओलांडला, की कृष्णाकाठची हिरवळ मागे राहते. लोणंद, फलटण, पुढे माण आणि सांगलीकडचे आटपाडी, जत हा सारा कमी पावसाचा, मेंढरांचा मुलूख. इथली जुनी मेंढी दख्खनी, काळ्या लोकरीची. तिच्यातला एक वाण तर लोणंदच्याच नावाने ओळखला जातो. धनगराने लोकर कातरायची, बायकांनी सूत कातायचे आणि सनगराने खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायची, अशी पिढ्यानुपिढ्यांची वाटणी. ताण्याला खळ चिंचोक्याची. रंगाचा प्रश्नच नाही. मेंढीचा काळा तोच घोंगडीचा काळा. कोकराच्या पहिल्या लोकरीला म्हणतात ‘जावळ’, अगदी आपल्या बाळाच्या केसांसारखे. जावळाची घोंगडी सर्वांत मऊ. (घोंगडीच्या मानाने मऊ! सवय नसेल तर पहिल्या रात्री टोचतेच.)

ती नुसते पांघरूण नव्हे. दिवाळी झाली की यांतले कित्येक कळप घाट उतरून कोकणात चरायला जातात. अशा फिरत्या संसारात पावसात डोक्यावरची खोळ ती, रात्री अंथरूण ती, आणि बिरोबाच्या कार्याला बैठकही तीच. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने धनगरांबरोबर हिंडून त्यांच्या देवकथांवर १९७६ साली ग्रंथ लिहिला. घोंगडीविना त्या कथांतला माणूस डोळ्यांसमोर उभाच राहत नाही.

नायजेरियातील योरुबांचेही वस्त्राशी असेच नाते. इसेयिन गावचे विणकर चिंचोळ्या, लांबच लांब पट्ट्या विणतात. त्या जोडून ‘अशो-ओके’ हे वस्त्र होते. लग्नकार्यात ते थाटाने मिरवतात, म्हणून गिरणीच्या कापडापुढेही ते टिकले. घोंगडी पडली रोजच्या वापरातली. तिला मिरवावे असे आम्हाला कधी सुचलेच नाही. स्वस्त ब्लँकेट आले आणि तिची जागा गेली.

त्याहून मोठा बदल कळपातच झाला. आज मेंढी पाळायची ती मटणासाठी. जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच मेंढी त्यासाठीच नावाजलेली, लोकर बेताची. फलटणच्या निंबकर संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या गारोल मेंढीचा जुळ्यांचा गुण आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. धनगराच्या पदरात चार पैसे जास्त पडतात. त्याला कोण नावे ठेवील? पण लोकरीला भाव नाही, कातरणावळही सुटत नाही. कातरावे तर लागतेच, नाहीतर जनावर उन्हात हैराण होते. मग ती लोकर कित्येकदा बांधावरच पडून राहते, आणि सनगराचा माग रिकामा.

हल्ली पुण्या-मुंबईचे लोक पुन्हा घोंगडी विचारू लागले आहेत. पाठदुखी जाते म्हणे! त्यावर आमची भिस्त नाही. ऊब मात्र नक्की. घेताना कडेचा एक धागा काढून जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला तर लोकर. कडक गोळा झाला तर कृत्रिम सूत. आणि विकणाऱ्याला विचारा, विणली कुणी? नीट सांगता आले, तर घासाघीस करू नका.