जनावरांच्या यकृतातील पाण्याच्या गाठी व मांसतपासणी

म्हैस, मेंढी किंवा शेळी यांची कत्तल झाल्यावर यकृतात अगर फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी आढळतात. काही गाठी बोराएवढ्या, तर काही नारळाएवढ्या असतात. जनावर जिवंत असता बहुधा कोणतेच लक्षण दिसत नसल्यामुळे मालकास त्यांचा पत्ता लागत नाही. ह्या गाठी म्हणजे एका पट्टकृमीची, म्हणजेच फितीसारख्या चपट्या जंताची, बाल्यावस्था होय. ह्या रोगास हायडॅटिड रोग असे म्हणतात.

ह्या जंताची पूर्ण वाढ कुत्र्याच्या आतड्यात होते. त्याची लांबी अवघी ३ ते ६ मिलिमीटर असते. पोटात असे हजारो जंत असले तरी कुत्रा धडधाकट दिसतो. जंताची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून गवतावर व पाण्यात मिसळतात. चरताना ती जनावराच्या पोटात जातात व यकृतात किंवा फुप्फुसात गाठी धरतात. असे गाठी असलेले यकृत कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात पुन्हा जंत तयार होतात. याप्रमाणे हे चक्र चालू राहते.

माणूसही ह्या चक्रात सापडतो. कुत्र्यास हाताळून हात न धुता जेवणे, मळ्यातील भाजी न धुता कच्ची खाणे, अशा कारणांनी अंडी पोटात जातात. गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि गाठ पोटात फुटल्यास प्राणावर बेतते.

गाठी असलेले मांस खाल्ल्याने मात्र माणसास हा रोग होत नाही. मग मांसतपासणी कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर असे की, रोगट अवयव कुत्र्याच्या तोंडी जाऊ न देणे हा तपासणीचा एक मुख्य हेतू आहे. कत्तलखान्यात पशुवैद्य यकृत व फुप्फुसे डोळ्यांनी पाहतात, हातांनी चाचपतात व जरूर तेथे छेद देतात. गाठी असलेला अवयव बाजूस काढून नष्ट केला जातो. गावात जत्रेच्या वा लग्नाच्या वेळी बकरे कापले जाते तेव्हा अशी तपासणी नसते. खराब दिसणारे काळीज सहज उकिरड्यावर फेकले जाते आणि तेच कुत्रे खातात.

मेलेल्या जनावरांचीही हीच गोष्ट आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, वळू व बैल यांच्या कत्तलीस बंदी आहे. ही जनावरे मेल्यावर उघड्यावर टाकली, तर त्यांच्या अवयवांची तपासणी न होता ते कुत्र्यांस मिळतात.

हा रोग हटविता येतो, याचे उदाहरण आइसलँड ह्या मेंढपाळांच्या बेटाने घालून दिले आहे. तेथे १८६३ मध्ये हॅराल्ड क्राबे ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने १०० कुत्री तपासली असता २८ कुत्र्यांत हे जंत आढळले. १८६४ मध्ये रोगाची माहिती देणारी पुस्तिका घरोघर वाटण्यात आली. पुढे कुत्र्यांस जंताचे औषध देणे व रोगट अवयव नष्ट करणे कायद्याने सक्तीचे झाले. विसाव्या शतकात तेथून हा रोग नाहीसा झाला.

आपल्या गावातही पुढील गोष्टी करता येण्यासारख्या आहेत :

१. गाठी असलेले यकृत वा फुप्फुस जाळावे, अगर कुत्र्यांस उकरता येणार नाही इतके खोल पुरून वर दगड ठेवावेत.

२. कुत्र्यास कच्चे अवयव घालू नयेत. घालावयाचे झाल्यास निदान अर्धा तास चांगले उकळून घालावेत.

३. मेलेले जनावर उघड्यावर न टाकता पुरावे.

४. पाळीव व कळपाबरोबरच्या कुत्र्यांस पशुवैद्यांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल हे औषध नियमित द्यावे.

५. जेवणापूर्वी हात व खाण्यापूर्वी भाजी स्वच्छ धुवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती प्रथम खाटीक व मेंढपाळ बंधूंस समजावून द्यावी. गाठी असलेला अवयव पहिल्याने त्यांच्याच दृष्टीस पडतो आणि तो कुत्र्यापुढे टाकावयाचा की पुरावयाचा, हे त्यांच्याच हाती असते.