गाडी आपली, चावी आपली, तरी सुरू होईना

नाशिकहून मुंबईकडे निघालेले कुटुंब कसारा घाट उतरून उंबरमाळीच्या आसपास चहाला थांबले आहे, असे समजा. मागच्या सीटवर अम्मी, मांडीवर पेंगलेली मुले, आणि मगरिबची वेळ जवळ आलेली. पुन्हा चावी फिरवली तर स्टार्टर फिरतो, इंजिन क्षणभर धडधडते आणि बंद पडते. बॅटरी ठीक, टाकीत डिझेल आहे. मीटरवर मात्र चावीच्या किंवा कुलपाच्या खुणेचा छोटा दिवा लुकलुकतो आहे. अशा वेळी बोनेट उघडून काहीच हाती लागत नाही. इंजिनात बिघाड नाहीच. गाडीने चावी ओळखलेली नाही.

या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. गॅरेजवाले नुसते ‘इमो’ म्हणतात आणि अशा चावीला आपण ‘सेन्सरवाली चावी’ म्हणतो. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी चिप असते. स्टार्टरच्या कुलपाभोवती तारेचे एक कडे बसवलेले असते. चावी फिरवली की ते कडे चिपला रेडिओलहरींनी जागे करते, चिप आपली सांकेतिक ओळख सांगते आणि ती पटली तरच इंजिनचा कंप्युटर, म्हणजे ईसीएम, इंधन व ठिणगी सोडतो. या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. दरवाजे उघडणाऱ्या रिमोटचा सेल संपला म्हणून चावी घालून सुरू करायची गाडी अडत नाही. ती दोन कामे वेगळी आहेत.

ओळख पटली नसेल तर धक्का मारूनही इंजिन सुरू होत नाही. घाटाखालच्या या रस्त्यावर एक मोह हमखास होतो: ‘उतार आहे, न्यूट्रलवर सोडू, खाली गेल्यावर बघू.’ हे कृपा करून करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा पेडल दाबल्यावर संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, घरच्या माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे. जिवाला धोका वाटला तर 112.

मग शांतपणे दोन-तीन गोष्टी करून पाहाव्यात. चावी जुडग्यातून सुटी करा. शेजारी दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी किंवा धातूचे जाड किचन असेल तर संकेतात अडथळा येऊ शकतो. चावी काढून काही मिनिटे थांबा आणि पुन्हा लावा. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल खरोखरच आडवा येतो. अशा बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून धरला की गाडी त्याला ओळखते. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. घरातली दुसरी चावी बरोबर असेल तर ती लावा. दुसरीने सुरू झाली, तर दोष पहिल्या चावीत आहे, आणि हजारोंची शंका तिथेच मिटते.

एक कारण आपल्याकडे फार दिसते. चावीची मूठ तुटली की बाजारातून घडी होणारी नवी मूठ घेतली जाते. पाते नव्या मुठीत बसवतात, आणि चिप जुन्या मुठीबरोबर कचऱ्यात जाते. दरवाजा उघडतो, चावी फिरते, गाडी मात्र सुरू होत नाही. पाणी हे दुसरे कारण. शहापूर तालुक्यातला पाऊस सांगायला नको. जुलै 2021 मध्ये उंबरमाळी स्टेशनचे रूळच पाण्याखाली गेले होते. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे कनेक्टर गंजतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी असे दुखणे वर येते.

इथून पुढे स्कॅनर लागतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्याला तो जोडतात. मोबाईलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ यंत्र इंजिनचे सर्वसाधारण दोष वाचते; ‘पी 0513’ दिसला तर अर्थ सरळ आहे, चावी चुकीची ठरली. पण बहुतेक स्वस्त यंत्रे इमोबिलायझरच्या भागापर्यंत पोचतच नाहीत. जाणकाराचे यंत्र किती चाव्यांची नोंद आहे, कडे चिप वाचते का, ईसीएमशी बोलणे चालू आहे का, हे एकेक तपासते. पुष्कळदा दोष एखाद्या सैल वायरीत निघतो. चावी नव्याने नोंदवायची तर गाडीचा गुप्त कोड लागतो, आणि तो कंपनीचे अधिकृत केंद्र आरसी व ओळखपत्र पाहून मिळवते. चुकीचा कोड पुन्हा पुन्हा टाकला तर काही गाड्या स्वतःला आणखी घट्ट बंद करून घेतात. या कामाला घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा, कारण काही गाड्यांत नवी नोंद होताना जुन्या पुसल्या जातात. बॅटरीही भरलेली हवी. मध्येच ताण पडला तर ईसीएम बिघडू शकतो.

काही ठिकाणी मात्र दुसराच सल्ला मिळतो: ‘इमो ऑफ करून देतो, पुन्हा कटकट नाही.’ म्हणजे ईसीएममधली माहिती बदलून ओळख विचारण्याची पद्धतच बंद करायची. काम लवकर होते, पैसेही कमी लागतात. माझे मत स्पष्ट आहे: हे करू नये. त्यानंतर साध्या कापलेल्या चावीनेही ती गाडी सुरू होते, आणि चोरी झाली तर विमा कंपनी या बदलाविषयी प्रश्न विचारू शकते. युरोपात नव्या मोटारींना इमोबिलायझर 1998 पासून सक्तीचा झाला तो चोऱ्या रोखण्यासाठीच. तो अभेद्य नाही, हे 2005 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी एका चिपचा संकेत फोडून दाखवले. चावी नोंदवणारी यंत्रे चोरांच्या टोळ्यांकडेही सापडली आहेत. म्हणून जो मिस्त्री आधी आरसी मागतो, त्याचा राग धरू नका. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले हे काम शिकत आहेत. त्यांच्या हातातले यंत्र ही लोकांची अमानत आहे, आणि कागद न पाहता कुणाचीही गाडी उघडून देणे हा त्या अमानतीत खयानतच आहे.

सर्वांत जास्त अडकतात ते जुनी गाडी घेणारे. विकणारा म्हणतो, ‘एकच चावी आहे, दुसरी हरवली.’ भावात हजार-दोन हजार सुटले की आपण खूश. पण ती दुसरी चावी कुणाच्या खिशात आहे, हे आपल्याला माहीत नसते. आणि आपली एकुलती चावी हरवली तर गाडी टोचन करून न्यावी लागते, काही गाड्यांत काही सुटे भागही बदलावे लागतात. तेव्हा सौदा ठरतानाच दोन्ही चाव्या लावून गाडी सुरू करून पाहा, आणि कोडचे कार्ड किंवा चावीच्या नंबरची धातूची पट्टी असेल तर मागून घ्या. दुसरी नसेल तर नवी करून घेण्याचा खर्च भावातून वजा करा आणि त्याच वेळी स्कॅनरवर नोंदलेल्या चाव्या मोजून घ्या. हरवलेलीची नोंद पुसता येते. चोरीचा दावा करताना विमा कंपन्या सहसा दोन्ही चाव्या जमा करायला सांगतात. दुसरी चावी गाडीतल्या कप्प्यात ठेवू नका. ती घरी, कपाटात, अम्मीला ठाऊक असलेल्या जागी असू द्या, आणि लांबच्या प्रवासाला निघताना बरोबरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात.